शाळेच्या सहलीत मुलांना नाटकाला नेण्यात काही अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलाच्या शाळेने सातवीच्या वर्गाला यंदा सहलीऐवजी नाटकाला न्यायचं ठरवलंय, 'मुलं आणि शिक्षक यांच्यात आपलेपणा वाढेल' असं चिठ्ठीत लिहिलंय, सहाशे रुपये मागितलेत. एवढ्यात वॉटर पार्क होतो, मग नाटक कशाला, आणि पाठवावं का?

पाठवा. पैशांची अडचण असेल तर शाळेला तसं स्पष्ट सांगा आणि तरीही पाठवा. फक्त त्याआधी शाळेला एक विचारा: शिक्षक तिकीट काढून आत बसणार आहेत, की मुलांना दारातून आत सोडून बाहेर चहा पीत उभे राहणार आहेत? चिठ्ठीतला आपलेपणा वाढणार की नाही, हे त्या उत्तरावर ठरेल. ठासून सांगते, कारण याच मुद्द्यावर मी आमच्या शाळेत भांडले होते. ज्यांच्याशी भांडले ते सर आजही कुठे लग्नाकार्यात भेटले की 'तुमचं ते नाटक' असंच म्हणतात.

माझी सगळी नोकरी भुदरगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत झाली. मराठी शिकवायचे. आमची सहल ठरलेली असायची. रायगड-प्रतापगड, नाहीतर गणपतीपुळे. एसटीचा प्रासंगिक करार करायचा, शैक्षणिक सहलीची निम्मी सवलत घ्यायची, पहाटे निघायचं, रात्री उशिरा यायचं. शिक्षक पुढच्या सीटवर, मुलं मागे. किल्ल्यावर शिक्षक एका झाडाखाली, मुलं दुसऱ्या झाडाखाली. परत आल्यावर कोण किती वेळा ओकलं एवढीच आठवण. किल्ले बघू नयेत असं मी म्हणत नाही. पण त्या सहलींनी आम्हाला एकमेकांच्या जवळ आणलं असं कुणी म्हणत असेल तर मला ते मान्य नाही.

त्या वर्षी कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहात शाळांसाठी दुपारचा प्रयोग लागणार होता. दोन अंकी, मुलांचं, राजा-प्रधानाचं, भरपूर हसवणारं नाटक. मी स्टाफरूममध्ये विषय काढला आणि सहलप्रमुख सरांनी तिथल्या तिथे तीन हरकती घेतल्या. एक, आपली खेड्यातली मुलं दोन-अडीच तास गप्प बसणार नाहीत, शाळेची अब्रू जाईल. दोन, शिक्षकांच्या तिकिटांचा खर्च कशाला, दोघं आत बसतील, बाकीचे बाहेर थांबतील. तीन, शिपाईमामा आणि पोषण आहाराची खिचडी करणाऱ्या मावशी यांना न्यायचं कारण काय? मामा बसमध्ये सामान राखतील, मावशींना त्या दिवशी सुट्टी द्या.

पहिल्या हरकतीचं मला काही वाटलं नाही. मुलं गप्प बसणार नव्हतीच, आणि मुलांच्या नाटकाला गप्प बसायचं नसतंच. दुसऱ्या आणि तिसऱ्या हरकतीवर मात्र मी अडून बसले. मावशी रोज दीडशे ताटं वाढतात, मामा सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन कुलूप उघडतात, आणि शाळा म्हणून बाहेर जायचं तेव्हा ती दोघं शाळेत मोजायची नाहीत? मी म्हटलं, माझं तिकीट नको असेल तर नको, त्यांचं काढा. शब्दाला शब्द वाढला. शेवटी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, जबाबदारी तुम्ही घेत असाल तर जा." घेतली.

पैशांचं आधी सांगते, कारण तुमच्या प्रश्नात पैसा आहे. बस आणि तिकीट मिळून जी वर्गणी ठरली ती काही घरांना झेपणारी नव्हती. ऊसतोडीच्या दिवसांत आई-बाप फडावर, घरी म्हातारी आणि दोन पोरं, अशी घरं आमच्याकडे होती. गावच्या दूध संस्थेच्या चेअरमनना भेटले, त्यांनी कमी पडतील तेवढे पैसे द्यायचं कबूल केलं. कोणाचे पैसे संस्थेने भरले ती यादी माझ्याकडे आणि मुख्याध्यापकांकडे राहिली, तिसऱ्या कुणाकडे नाही. पावती मात्र सगळ्यांना सारखी फाडली. 'ज्यांना जमेल त्यांनी यावं' म्हणून वर्गातली निम्मी मुलं नेणारी शाळा आपलेपणा वाढवत नसते, वर्ग फोडत असते. दुसऱ्या दिवशी आलेली मुलं डबा खाताना नाटकातली वाक्यं म्हणणार, न आलेली खाली मान घालून जेवणार. असं करायचं असेल तर सहलच काढू नये.

जायच्या आधी एक तास मी त्या जागेबद्दल सांगितलं. ही इमारत शाहू महाराजांनी बांधली, १९१५ साली, पॅलेस थिएटर म्हणून. शेजारी कुस्तीसाठी खासबाग मैदान. म्हणजे एकाच राजाला तालीम आणि नाटक दोन्ही शेजारी शेजारी हवं होतं, हे आमच्या कुस्तीवेड्या पोरांना फार आवडलं. पुढे ज्यांचं नाव नाट्यगृहाला दिलं ते केशवराव भोसले कोल्हापूरचेच, अगदी पोरवयात रंगभूमीवर उभे राहिलेले. १९२१ च्या जुलैमध्ये केशवराव आणि बालगंधर्व, म्हणजे त्या काळातल्या दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे मालक, टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत एका रंगमंचावर एकत्र उभे राहिले. तो संयुक्त 'मानापमान'चा प्रयोग. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, वय अवघं एकतीस. नववीतला एक मुलगा म्हणाला, "म्हणजे दोन तालमींच्या पैलवानांनी एकाच बाजूनं लढल्यागत." अगदी तसंच, म्हटलं.

नाट्यगृहाच्या दारात मी तिकिटं मुद्दाम मिसळून वाटली. वर्गवार रांगा नाहीत, शिक्षकांची वेगळी ओळ नाही. चार-पाच मुलांमागे एक मोठं माणूस, मग तो मुख्याध्यापक असो की मामा. सहलप्रमुख सर म्हणाले, अशाने शिस्त राहणार नाही, आणि तिकीट खिशात घालून बाहेर खाऊगल्लीकडे निघून गेले. प्रयोग संपेपर्यंत ते आत आले नाहीत. म्हणून 'तुमचं ते नाटक' म्हणण्याचा त्यांना काडीचाही अधिकार नाही. त्यांनी ते पाहिलेलंच नाही.

आमच्या मुलांनी नाटक पाहिलं होतं ते गावच्या जत्रेतलं, ट्रॉलीवरच्या स्टेजवर, कर्ण्यांच्या आवाजात. बंदिस्त नाट्यगृहात पहिल्यांदाच. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, आणि अंधार झाल्याबरोबर पोरांनी अशी आरोळी ठोकली की मला वाटलं छप्पर उडतंय. पडदा वर गेला आणि आवाज एकदम थांबला.

पहिल्या अंकात प्रधान राजाच्या मागे खंजीर घेऊन येतो असा प्रसंग होता. आमच्या आठवीतला एक मुलगा खुर्चीवरून उठला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "महाराज, मागं बघा! मागं!" सगळं नाट्यगृह हसलं. राजाचं काम करणारा नट थांबला. हशा पुरता ओसरू दिला, मग बरोबर त्या मुलाच्या दिशेने बघून म्हणाला, "तू सांगतोस म्हणून बघतो हो!" आणि वळला. टाळ्यांनी तीन-चार वाक्यं ऐकूच आली नाहीत. तो मुलगा वर्गात कधी बोट वर न करणारा. त्या दिवशी हजारभर माणसांच्या नाट्यगृहात एका नटाने त्याचं ऐकलं. सिनेमात हे होत नाही. पडद्यावरच्या माणसाला तुम्ही हसलात की रडलात याचा पत्ता नसतो. नाटकातला नट तुमच्या हशासाठी थांबतो, तुमच्या शांततेवर आवाज खाली आणतो. आपण तिथे असल्याने काही फरक पडतो, हे मुलाला त्या खुर्चीवर कळतं, आणि तेच शेजारी बसलेल्या शिक्षकालाही कळतं.

माझ्या पुढच्याच ओळीत आमचे गणिताचे सर होते. मुलं त्यांना टरकून असायची. व्हरांड्यात त्यांची चप्पल वाजली की वर्ग गप्प. त्यांच्या डाव्या हाताला नववीतली एक लहानखुरी मुलगी. दुसऱ्या अंकात प्रधान मरून पडतो, त्याला ओढत विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेला पडद्याआड नेतात. ती मुलगी सरांच्या बाहीला हात लावून कुजबुजली, "सर, त्यो खरंच मेला व्हय?" आणि सर, ज्यांनी वर्गात आकड्यांशिवाय काही बोललेलं कुणी ऐकलं नव्हतं, खाली वाकून तिला म्हणाले, "न्हाई गं. ती बघ, विंगेत त्याची मोजडी दिसतीया. उठून उभा राहिलाय." दोघंही मग त्या मोजडीकडेच बघत बसले. थोड्या वेळाने एका विनोदावर सर इतके हसले की चष्मा काढून रुमालाने डोळे पुसायला लागले. मुलं नाटक सोडून त्यांच्याकडे बघत होती. सरांना हसू येतं, ही त्यांच्यासाठी बातमी होती.

यात जादू काही नाही. रोजच्या शाळेत शिक्षकाला उत्तर माहीत असतं, मुलाला नसतं. नाट्यगृहात पुढे काय होणार हे दोघांनाही माहीत नसतं. दोघंही एकाच दिशेला तोंड करून अंधारात बसलेले असतात. वॉटर पार्कमध्ये मुलं पाण्यात असतात आणि शिक्षक काठावर शिट्टी घेऊन. किल्ल्यावर शिक्षक माहिती सांगतो आणि मुलं पाणी कधी मिळेल याचा विचार करतात. तुमच्या 'वॉटर पार्क काय वाईट'चं माझ्यापुरतं उत्तर हे. वॉटर पार्क वाईट नाही, तिथे तुम्ही सुट्टीत मुलाला न्या. शाळेने तिथे न्यायची गरज नाही.

मध्यंतरात सगळे बाहेर खाऊगल्लीच्या बाजूला आले. मुलांनी भाकरी-चटणीचे डबे सोडले. मावशी सवयीने उठल्या आणि वाढायला वाकल्या. दोन मुलींनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवलं, एकीने वडा आणून हातात दिला. "आज तुमी खावा, मावशी." मी त्यांना सांगितलेलं नव्हतं, कुणीच सांगितलेलं नव्हतं.

प्रयोगानंतर व्यवस्थापकांना विनंती करून थोड्या मुलांना आत नेलं. राजा खुर्चीवर बसून खोबरेल तेलाने तोंडावरचा रंग उतरवत होता, मुकुट मांडीवर. एका पोराने मुकुट बोटाने दाबून पाहिला. पुठ्ठा आणि सोनेरी कागद. पोरगं निराश होईल असं मला वाटलं होतं, तर ते म्हणालं, "बाई, हे आपल्याला बी करता येईल की." पुढच्या स्नेहसंमेलनाचं नाटक तिथेच ठरलं म्हणा ना.

आणि परतीची बस. गारगोटीचा रस्ता, अंधार पडलेला, मुलं नाटकातली वाक्यं म्हणून दमलेली. मागच्या सीटवरून मामांचा आवाज आला. आधी वाटलं गुणगुणताहेत. पण ते एक लांबलचक स्वगत म्हणत होते, जुन्या ऐतिहासिक नाटकातलं, स्त्रीच्या आवाजात, एकही शब्द न चुकता. तरुणपणी गावच्या जत्रेतल्या नाटकात ते स्त्री पार्ट करायचे. लुगडं नेसून उभे राहिले की बायका ओळखायच्या नाहीत म्हणे. इतकी वर्षं एका शाळेत काढली, पण आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. संपल्यावर कंडक्टरने पहिली टाळी दिली. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मामांच्या स्टुलाभोवती पोरं जमायला लागली, उच्चार विचारायला, चालायचं कसं विचारायला. स्नेहसंमेलनात तोवर सिनेमाच्या गाण्यांवरचे नाच व्हायचे. त्या वर्षी मुलांनी स्वतः लिहिलेलं नाटक केलं, विहिरीवरच्या मोटरच्या भांडणाचं. तालमी मामांनी घेतल्या, पडदा मावशींच्या जुन्या लुगड्यांचा शिवला, आणि दिव्यांच्या बटणांपाशी वहीत वेळा लिहून गणिताचे सर बसले. मामांना तिकीट काढून आत नेलं नसतं तर यातलं काही झालं नसतं. ते बसमध्ये सामान राखत बसले असते.

परत आल्यावर दुसरं भांडण झालं. सहलप्रमुख सरांचं म्हणणं, खर्च केलाय तर 'मी पाहिलेले नाटक' यावर प्रत्येकाकडून वीस ओळींचा निबंध घ्या, वह्या तपासा, फाइलला लावा. मी मराठीची शिक्षिका असून नकार दिला. मुलाने मनापासून पाहिलेल्या गोष्टीला लगेच लाल शाईचा पेन लावला की पुढच्या वेळी ते नाटक न बघता निबंधाचे मुद्दे शोधत बसतं. ज्यांना लिहायचं होतं त्यांनी आपणहून नटाला पत्रं लिहिली, तीही मी तपासली नाहीत. शुद्धलेखनाच्या चुकांसकट पोस्टात टाकली. तुमच्या मुलाच्या शाळेने नंतर निबंध मागितला तर पालकसभेत विरोध करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

काहीजण म्हणतील, नाटक म्हणजे शहरी चैन. मराठी नाटकाचा पहिला प्रयोग विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली मुंबई-पुण्यात नाही, सांगलीत केला, ५ नोव्हेंबरला. म्हणून तो दिवस मराठी रंगभूमी दिन. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये 'लिटल थिएटर' काढून मुलांसाठी नीट, मोठ्यांच्या तोडीची नाटकं सुरू केली. म्हणजे शहरातल्या मुलांना हे केव्हापासून मिळतंय. आमच्याकडच्या मुलांना त्यासाठी एसटी करावी लागते, एवढाच फरक. ती करायला हवी.

माझा ज्या वास्तूवर इतका जीव होता ती ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडली. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, खुर्च्या, छप्पर, सगळं गेलं. त्या रात्री माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येत होते, कुणी पुण्यातून, कुणी दुबईतून. 'मागं बघा' म्हणून ओरडलेला मुलगाही त्यात होता. फोनवर त्याला बोलता येईना. ज्या गावच्या पोरांनी ते नाट्यगृह मोजून काही तास पाहिलं असेल, त्यांना ते आपलं वाटत होतं. पुन्हा उभारणीचं काम हाती घेतलंय. ते लवकर आणि चांगलं व्हावं, आणि शाळांच्या प्रयोगांना तिथे कमी भाड्यात तारखा मिळाव्यात, असं मला फार मनापासून वाटतं.

आता राहिलेल्या गोष्टी, ज्या आधी सांगायला हव्या होत्या. नाटक कोणतं आहे ते आधी विचारून घ्या. व्यावसायिक रंगभूमीवरचं प्रत्येक गाजलेलं नाटक सातवीच्या मुलासाठी नसतं, आणि काही शाळा स्वस्तात तारीख मिळाली म्हणून काहीही दाखवतात. मुलाला फिट येण्याचा त्रास असेल तर झगझगणाऱ्या दिव्यांबद्दल शिक्षकांना कल्पना द्या. ऐकायला कमी येत असेल तर पुढच्या रांगेत जागा मागून घ्या. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला कडेची खुर्ची द्यावी, म्हणजे बाहेर जाता येतं. शक्यतो दुपारचा प्रयोग बघावा. रात्री उशिरा परत येणार असतील तर काही घरं मुलींना पाठवत नाहीत, आणि मग पुन्हा वर्ग अर्धा. शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांचं संमतीपत्र तर लागतंच. आणि एका नाटकाने सगळ्या शाळांमध्ये आमच्यासारखं घडेल असं मी म्हणत नाही. आमच्याकडे मामा होते, तो नट चांगला होता, मुख्याध्यापक आडवे आले नाहीत. जिथे शिक्षक वर्षभर मुलांना टाकून बोलतात तिथे एका दुपारने काही बदलणार नाही.

पण तुमच्या शाळेने निदान ठरवलं तरी आहे. तेव्हा सहाशे रुपये भरताना वर्गशिक्षकांना विचारा: किती शिक्षक आत बसणार, शिपाई आणि मदतनीस येणार का, पैसे न भरू शकणाऱ्या मुलांचं काय केलंय. शेवटच्याचं उत्तर 'त्यांनी घरी थांबावं' असं आलं तर एका मुलाचे जास्तीचे पैसे तुम्ही भरा, नाव न सांगता. आणि तिकिटं अजून काढायची असतील तर प्लॅन उघडल्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाल्या दिवशीच कुणाला तरी पाठवायला सांगा. मधल्या सलग रांगा मागा. बाल्कनी नको, तिथून विंगेतली मोजडी दिसत नाही.